मोजणीपर्यंत थांबा

९ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे ठीक. माझ्या टेबलामागच्या खिडकीला काच नाही ती नाहीच, पुठ्ठ्यावर भागतंय. हेडक्लार्क म्हणतात यंदा बढती नक्की. सहा वर्षं हेच म्हणतायत.

तू लिहिलंस, 'तू तिथं होतीस म्हणून ह्यांची आबाळ झाली नाही, मी सगळ्यांना सांगते.' चार दिवस मी हीच ओळ वाचतेय. शिवाय तू विचारलंस, सोमवारी फोनवर 'उद्या घरी येतो' म्हणालेले ते मंगळवारी का आले नाहीत. डॉक्टरांनी थांबवलं, असं मी तेव्हा सांगितलं होतं. ते खोटं होतं, ताई.

आमच्या दवाखान्यातला मोफत वॉर्ड सरकारी अनुदानावर चालतो. ज्यांच्याकडे ना विमा ना पैसा, त्यांना या गावात दुसरं दार नाही. वर्षातून एकदा तपासनीस येऊन खाटा बघतो. चाळीसपैकी छत्तीस भरलेल्या नसल्या की अनुदानाला कात्री. म्हणून मोजणीच्या आठवड्यात आम्ही कुणाला घरी सोडत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण नव्या नर्सलाही महिन्याभरात कळतं. दोन वर्षांपूर्वी आकडा कमी पडला आणि बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लागलं. नंतर एक बाई आमच्या पायऱ्यांवर बाळंत झाली. ते मी पाहिलंय, म्हणून मला यात गैर वाटत नव्हतं.

भाऊजींच्या पायाची जखम भरली होती. सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी सुट्टीच्या कागदावर सही केली. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी असे तीन कागद माझ्यापुढं टाकले. "मंगळवारी मोजणी झाली की द्या. तोवर ड्रॉवरमध्ये." एक भाऊजींचा होता. 'हे माझे भाऊजी आहेत, यांना सोडा,' एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. साहेबांची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला वाटलं, एका दिवसानं काय होतंय?

मंगळवारी मी वॉर्डात गेले तर भाऊजी शर्ट-पँट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. म्हटलं, "भाऊजी, जरा थांबायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"पाय तर नाचायला तयार आहे."

"तरी थांबा."

"मेहुणीचा हुकूम आहे म्हटल्यावर काय बोलणार!" हसले आणि बूट काढून ठेवले.

तपासनीस मंगळवारी आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. बुधवारी शेजारच्या खाटेवर छातीचा पेशंट आला, रात्रंदिवस खोकणारा. गुरुवारी भाऊजींना ताप चढला. त्या तापातून ते उठले नाहीत, पुढचं तुला माहीत आहे.

शुक्रवारी तपासनीस आला. साहेबांच्या केबिनमध्ये बसला, चहा घेतला, माझं रजिस्टर मागवलं. मी लिहिलेला आकडा उतरवून घेतला, सही केली आणि गेला. वॉर्डाच्या दारापर्यंतसुद्धा आला नाही, ताई. खाट रिकामी असती तरी चाललं असतं.

अनुदान मंजूर झालं. वॉर्ड चालू आहे, काल दोन नवे पेशंट आले. त्यांच्याकडे बघून बरं वाटतं आणि लगेच स्वतःची किळस येते.

त्या आठवड्यात दुसरे दोघं माझ्याशी भांडले. एकानं शिव्या दिल्या, दोघंही कागदाशिवाय निघून गेले. दोघंही धडधाकट आहेत. भाऊजी तेवढे थांबले, कारण सांगणारी मी होते. माझ्या जागी दुसरा कुणी कारकून असता तर त्यांनी त्याचं ऐकलं नसतं, आणि मंगळवारी ते तुझ्याकडे आले असते.

म्हणून माझ्याबद्दल लोकांना सांगतेस ते आता सांगू नकोस. तू ये म्हणालीस तरच तुझ्या दारात येईन.

धाकटी