आठवीचं गणित, सहावीतली चैत्राली

समीर,

तो क्लासवाला सर आपल्याला सरळसरळ फसवतोय. सहावीतल्या आपल्या चैत्रालीला आठवीची समीकरणं येतात म्हणून तू सोसायटीभर सांगत फिरतोस ना? आज तिची क्लासची वही बघितली. पानोपानी बरोबरच्या खुणा, पण खाडाखोड एकही नाही. मला शंका आली. वहीतलंच एक गणित मी आकडे बदलून घातलं. तिने काही न मांडता उत्तर लिहिलं, सात. वहीतलंच! वर म्हणते, "मम्मी, सर बोलले आत्ता पाठ करा, आठवीत गेल्यावर समजेल." शाळेत अपूर्णांक चालू आहेत, तिथे ही बाईंकडे बघतसुद्धा नाही. का, तर "ते मागचं आहे." परवा चाचणी आहे आणि तिला पाव आणि अर्धा यांची बेरीज येत नाही.

तिला घेऊन खरवईला ताईकडे चाललेय. चाचणीपर्यंत तिथेच बसवून शिकवते. भाजी केलेली आहे, कुकर तेवढा लाव.

आणि दर शनिवारी वहीत "पालकांनी तपासले" याच्याखाली तुझी सही आहे. तू न तपासताच सही करत होतास, की कळूनही गप्प बसलास? फोन करू नकोस. याच कागदामागे लिहून ठेव, आणि पाठ केलेलं उत्तर नको.

सुरुची