मापवहीतले पत्ते

अण्णा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुम्हाला लिहावं असं आज पहिल्यांदा वाटतंय. तुम्ही होतात तेव्हा लिहायचं काय? सहा फुटांवर बसून दिवस काढायचो. सहा नव्हे, साडेपाच. तुमच्या बेतायच्या टेबलापासून माझ्या मशीनपर्यंतचं अंतर मी एकदा टेप लावून मोजलं होतं. चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही. बाकीचं वाचन, बेतण्याची इंग्रजी पुस्तकं, हे अक्षर, सगळं माझं मी कमावलेलं. ते मी चारचौघांत ऐकवायचो आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "सरी, बरं पंडित, आता काज कर."

मी बावीस वर्षांचा होतो. गोरी पलटण गेली आणि दंडूतल्या, म्हणजे छावणीतल्या, शिंप्यांचं लष्करी काम बसलं. शिवाजीनगरच्या आपल्या दुकानात आठ कारागीर होते, तिथे आपण तिघे उरलो. त्याच वर्षी माझे वडील गेले. घरी आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, दुकानात तुमच्या कात्रीचा आवाज, बाकी दिवसभर कुणी काही बोलत नसे. पिठाच्या गिरणीमागच्या मैदानात संध्याकाळी ती दलाची मंडळी जमत. दंडाला काळी फीत, कवायत आणि मग भाषण, आपलं सगळं कुणी खाल्लं आणि कुणाला इथून हाकलायचं याचं. मीही जाऊ लागलो. त्या भाषणांतलं निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. पण तापाने मी दोन दिवस गेलो नाही, तर तिसऱ्या दिवशी चौघे जण मोसंबी घेऊन घरी हजर. दुकानातही मी तेवढेच दिवस आलो नव्हतो. तुम्ही माझ्या मशीनवर दुसऱ्याला बसवलंत. हे रागाने लिहीत नाही; पुढे तुम्ही स्वतःच ते बोलून दाखवलंत, म्हणून लिहितो.

मग एक दिवस दलाच्या मुख्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुझं अक्षर छान आहे म्हणे. तुमच्या दुकानात मापाची वही असते ना?" असायची. तीस वर्षांच्या वह्या, नाव, पत्ता, मापं, आणि एका घरातली माणसं एका पानावर. मुसलमान गिऱ्हाइकांची घरं कुठली आणि कुठल्या घरात पुरुष किती, हे त्या पानांवरून कुणालाही कळलं असतं. पुढच्या रविवारी त्यांच्या गल्लीवरून मिरवणूक न्यायची होती. मिरवणुकीत काय होणार ते मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मला माहीत होतं. तरी मी बसलो आणि सुवाच्य अक्षरात, समास सोडून, अकरा पत्ते उतरवले. बारावा उतरवताना तुम्ही जेवून आलात.

तुम्ही कागद हिसकावला नाहीत. वाचलात. मग समोर बसून वही आपल्याकडे ओढलीत. "हा चौथा कोण, ठाऊक आहे?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "बँडवाले मियाँ." तुम्ही पान काढलंत आणि माप सांगताना जो आवाज लावायचात त्याच आवाजात वाचलंत, "उजवा खांदा पाऊण इंच खाली. पलटणीच्या ढोलाचा पट्टा तीस वर्षं त्याच खांद्यावर. अस्तराखाली कापसाचा एक थर जास्त, त्याला न सांगता." आपल्या दुकानाची ही रीत होती. अंगातली खोड गिऱ्हाइकासमोर मोठ्याने म्हणायची नाही, खुणेने टिपायची, आणि कपडा असा शिवायचा की आरशात माणूस सरळ दिसावा. पुढचं पान. "याचा एक पाय आखूड. याच्या पोटाला गाठ आहे, घरात सांगितलेलं नाही." मग तुम्ही मला विचारलंत, "पत्ता दिलास. आता खांदा, पाय, गाठ हेपण लिहून दे की. अर्धवट काम कशाला करतोस, पंडित?"

कागद मी स्वतःच इस्त्रीच्या निखाऱ्यात घातला. तुम्ही झाकण लावलंत आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "दोन दिवस आला नाहीस तेव्हा मी यायला हवं होतं. मी मशीन चालू ठेवलं. ते आले."

शनिवारी तुम्ही मला बँडवाल्यांकडे कच्च्या शिलाईचा कोट घेऊन पाठवलंत. शनिवारच, कारण शुक्रवारी नमाजामुळे ते भेटले नसते. मुलीच्या लग्नासाठी त्यांना तो कोट हवा होता. मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसलेला, आणि ते वरून म्हणतात, "क्या मियाँ, इत्ते चुप कैकू? टाचन्याँ गिल गए क्या?" आत बायका हसल्या. मी टाचण्या काढून कसाबसा म्हणालो, "नक्को चचा, हलू नका." ते पुतळ्यासारखे उभे राहिले. कोटाचा खांदा मी हाताने दाबून पाहिला, तर थर नीट बसलेला. आरशासमोर ते ताठ झाले आणि मला म्हणाले, "तुम्हारे उस्ताद के हाथाँ में बरकत है." मी मान डोलावली. उद्याचं त्यांना सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. सांगितलं नाही.

आणि रविवार. सकाळी दहाला तुम्ही आमच्या दीड खोलीच्या दारात. यापूर्वी कधी आला नव्हतात. आईला म्हणालात, "अक्का, आज ऊट तुमच्याकडे, जेवायलाच आलोय," आणि चपला काढून थेट उंबऱ्याशी बैठक मारलीत. आई कित्येक दिवसांनी चुलीपाशी उठून गेली. सारू आणि भात झाला, वांग्याची भाजी झाली. तुम्ही जेवलात, पान खाल्लंत, आईला वडिलांच्या लहानपणाच्या गोष्टी विचारल्यात, भिंतीला टेकून डोळे मिटलेत, पण उंबरा सोडला नाहीत. चारला दलाचे दोघे आले.

"आहे का तो?"

"आहे. जेवतोय."

"चार वाजता?"

"आमच्यात जेवण स्वल्प लांबतं. या, बसा तुम्हीपण."

"म्हाताऱ्याच्या धोतराआड लपलाय," एक जण मोठ्याने म्हणाला. तुम्ही धोतर सारखं केलंत आणि म्हणालात, "जागा आहे अजून, तुला हवी तर."

ते गेले. सातला गल्लीकडून ओरडा ऐकू आला. दगड पडले, दिवे फुटले, पण ते कुणाच्या घरात शिरले नाहीत, कारण त्या मिसळलेल्या वस्तीत मुसलमानांची घरं कुठली ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर दलातल्या एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्यात दिसले की पलीकडे जात. वर्षभर मला कुणी मित्र नव्हता. तुम्ही मात्र दर रविवारी जेवायला येत राहिलात, शेवटच्या आजारापर्यंत.

हे मी दुकानात अनेकांना सांगितलंय. आता दुकान माझं आहे, तिघे कारागीर आहेत. सांगताना मी म्हणतो, वहीची ती पानं ऐकली आणि मला माझी चूक पटली. ऐकणाऱ्याला ते बरं वाटतं, मलाही. अण्णा, ते खरं नाही. रविवारी दुपारी मी शर्ट बदलला होता. फीत खिशात होती. खांदा, पाय, गाठ सगळं ऐकून, बँडवाल्यांच्या पायाशी बसून आल्यावरही मी निघालो होतो, कारण तिथे माझी वाट पाहणारी माणसं होती. तुमच्यावरून पाय टाकून बाहेर जाणं मला जमलं नाही, एवढंच.

माझ्याकडे कोटाचं काम करणारा एक जण आहे, तिशीतला. बायको बाळंतपणात गेली. दोन महिन्यांपासून तसल्याच एका टोळक्यात जातो. गावातून कुणाला हाकलायचं याची यादी आता वेगळी आहे, बोलणं तेच. मी त्याला समोर बसवून तास-तास समजावलं. तारखा सांगितल्या, वर्तमानपत्रं दाखवली, त्याचा एकेक मुद्दा खोडला. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, अण्णा." आता दुकानात मलाच अण्णा म्हणतात. मी खूश झालो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आज पाचवा दिवस. मशीन रिकामं ठेवलंय, एवढं तरी केलं.

दुपारपासून हे लिहीत बसलोय. कुठे टाकायचं पत्र, हा प्रश्नच नाही. तुमच्यासारखं त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसावं, तर तो कुठे राहतो, मला माहीत नाही. दोन वर्षं माझ्या समोर बसून त्याने शिवलं आणि मी कधी विचारलं नाही.