लादीवरची तांबडी पावलं

प्रिय शिवराज,

बहिणीचं पत्र बघून हसशील. हस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि आज मध्ये कोणी तोंड घातलेलं मला चालणार नाही.

गेल्या नवरात्रात तुझ्या दाजींनी चप्पल सोडली होती, एवढंच तुला माहीत आहे. पुढचं आम्ही लपवलं. त्याआधी दोन वर्षं साखरेच्या आजारामुळे त्यांच्या तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, ओलं फडकं गुंडाळून झोपायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं की वात आहे म्हणायचे. मग आग आपोआप थांबली. देवीनं गुण दिला म्हणून बजाजनगरात गल्लीभर पेढे वाटले आणि कर्णपुऱ्याच्या देवीला रोज अनवाणी जाऊ लागले.

सातव्या माळेला बघते तर दारापासून पांढऱ्या लादीवर तांबडी पावलं. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, देवी आली गं तुझ्या घरी, आणि त्यावर हळदकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. मी बोट लावून पाहिलं. रक्त होतं. तळव्यात काच रुतलेली, आणि हा माणूस पलंगावर बसून मजेत साबुदाण्याची खिचडी खातोय! दुखत नाही म्हणजे काही नाही, म्हणे. हळद भरली, चिंधी बांधली, पुन्हा निघाले. दोन दिवसांत पायाला मेलेल्या उंदरासारखा वास सुटला, बोटं काळी पडली, आणि लोक देवीचा पाय म्हणून त्याच पायावर डोकं टेकवत होते. पायापेक्षा मला त्या कौतुकाचीच जास्त किळस येते.

दवाखान्यात डॉक्टरांनी तळव्याला टोचून पाहिलं. दाजींना पत्ताच नाही. नसा मेल्या होत्या, म्हणूनच आग थांबली होती. आग होत होती तेव्हाच यायचं, आणि जखम दिसली की त्याच दिवशी, दुखो न दुखो, असं डॉक्टर चिडून म्हणाले. दोन बोटं कापली.

परवा तू फोनवर म्हणालास, ताई, पायाची आग गेली बघ, लई हलकं वाटतंय, आवंदा मीबी चप्पल सोडणार. साखर तुलाही आहे, शिवराज. फोन ठेवला आणि लगेच डॉक्टरांची वेळ घेतली. हे पत्र घेऊन दाजीच रिक्षा करून तुझ्याकडे बिडकीनला आलेत. त्यांना बूट काढायला सांग. तोंड फिरवू नकोस, नीट बघ. मग पायात चप्पल घाल आणि त्यांच्या रिक्षात बस. डॉक्टरांची वेळ आजचीच आहे. मी दवाखान्याच्या दारात उभी आहे.

तुझीच,
निशाताई