नसरीनला विचारलं

लातूर, १२ ऑगस्ट

आज क्लासमध्ये काविळीची लस टोचली. सरांनी आधीच बजावलं होतं, "जो लस घेणार नाही, त्यानं उद्यापासून क्लासला यायचं नाही." मी रांगेत पहिली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्येही अशीच दंड पुढे करून उभी होते. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे अप्पांनी घरीच शिकवलेलं.

माझ्या खोलीतली नसरीन मात्र अडली. "अब्बांना विचारल्याशिवाय न्हाई." तिनं फोन केल्यावर दुपारी तिचे अब्बा उदगीरहून एसटीनं आले. लस टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळं खोदून विचारलं. सरांना म्हणाले, "लस चांगली हाय सर, पण तेवढ्यासाठी पोरीला क्लासातून काढायलाव व्हय?" मग तिच्याकडे वळले. "बेटा, तू सांग. घ्यायची का?"

ती हसली. "घेते की."

लस तीच, सुई तशीच. काविळीपेक्षा लस बरी, हे मलाही पटतं. मीही हो म्हटलं असतं. मग एवढं जळायचं कशाला? पण ते 'तू सांग'... तिचाही दंड माझ्याइतका सुजावा, असं मनात आलं. किती वाईट आहे मी.

संध्याकाळी बूथवरून अप्पांना फोन केला. धीर करून म्हटलं, "अप्पा, तुम्ही इथं असता तर मला विचारलं असतं का, लस घेतीस का म्हणून?"

"तुला काय विचारायचं?" अप्पा कौतुकानं हसले. "तू कवा न्हाई म्हणलीस?"