वारा असेल तेव्हाच सिंक

सोमवार, २० जानेवारी. सकाळी ७.१०
सर्व्हरची एक डिस्क गेली. घाबरण्याचं काही कारण नाही. सर्व्हर म्हणजे माझ्या कपाटातली पावाच्या डब्याएवढी पेटी. आत दोन डिस्क, दोन्हींवर सगळं सारखंच. एक गेली तरी दुसरी उरावी म्हणूनच तर दोन.

घरातले सगळे फोटो, कागदपत्रं आणि आईचं रेकॉर्डिंग त्या पेटीत आहे. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा बाबांनी आणि तोर्किलने हे सगळं माझ्या ताब्यात दिलं, कारण मी काळजीपूर्वक वागते. ‘काळजीपूर्वक’ म्हणताना तोर्किलने बाबांकडे बघितलं होतं. धाकट्या बहिणीचं कौतुक उघडपणे करायचं त्याला जमत नाही.

दुपारी १२.४०
ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा. नवी डिस्क आणून बसवली. आता उरलेल्या जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरेल. यालाच सिंक म्हणतात. एका दिवसाचं काम.

बाबांचा सत्तरावा वाढदिवस ८ फेब्रुवारीला. एकोणीस दिवस हातात आहेत. त्यांनी भेट म्हणून एकच गोष्ट मागितली आहे: त्या दिवशी आईचं ते रेकॉर्डिंग बघायचं. अकरा मिनिटांचं आहे. तेव्हा आम्ही राहायचो त्या बेटावरच्या शाळेत मुलंच उरली नाहीत म्हणून ती बंद झाली आणि बारा वर्षांची होईपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं, त्या काळातलं. आई ओट्याशी हेरिंग मासे साफ करतेय आणि मला पाढे विचारतेय. चित्रण बाबांचं. आईचा आवाज असलेलं आमच्याकडे एवढंच आहे.

ठराव:
सिंक संपेपर्यंत जुन्या डिस्कवरचं काहीही उघडायचं नाही. आता ती एकटी आहे, तिच्यावर ताण नको.
वेग ‘सौम्य’.
घाई करायची नाही.

मंगळवार, २१ जानेवारी. सकाळी
४ टक्के. सौम्य म्हणजे सौम्यच.

संध्याकाळी
तोर्किलचा ऑरहूसहून फोन. त्याला डिस्कचं कळवलं. त्याचं म्हणणं, सिंक वगैरे होऊ दे, पण आईची ती एक फाइल आधी फोनवर काढून ठेव, चार मिनिटांचं काम आहे. मी त्याला ठराव समजावला. शिवाय एकच फाइल आधी वाचवायची म्हणजे बाकीच्या एकेचाळीस हजार फायलींचं काय? त्यात आजोबांच्या होडीची कागदपत्रंही आहेत. तो म्हणाला, होडी बुडून तीस वर्षं झाली. मी म्हटलं, म्हणूनच.

बुधवार, २२ जानेवारी
११ टक्के. उत्तम चाललंय.

एकच गोष्ट मनाला लागली. पेटी आता चोवीस तास वीज घेते. काल संध्याकाळी विजेचं अ‍ॅप उघडून बघितलं, तर वारा पडलेला आणि तारेतून कोळशाची वीज येत होती. आईच्या रेकॉर्डिंगसाठी कोळसा जाळायचा? आम्ही कपडे धुवायला टाकण्याआधीही वारा बघतो. रिगमोर आत्या तर केकसुद्धा वारा बघूनच भट्टीत घालते.

पाच तास बसून व्यवस्था केली. पवनचक्क्यांची वीज पुरेशी असेल तेव्हाच सिंक चालेल. वारा पडला की आपोआप थांबेल, आला की आपोआप सुरू. माझ्या खिडकीतून अकरा पवनचक्क्या दिसतात. आमच्या रिंगकोबिंग गावात वारा नाही असं कधी होतच नाही.

गुरुवार, २३ जानेवारी
वारा नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी
वारा नाही. थंडी कडक, आकाश निरभ्र. ग्रंथालयात सगळे म्हणतात, किती सुंदर हवा आहे.

शनिवार, २५ जानेवारी. सकाळी ९
वारा आला. सिंक सुरू.

सकाळी ९.२०
लगेच थांबवलं. एक शंका आली. मधल्या दोन दिवसांत आधी उतरलेल्या ११ टक्क्यांना काही झालं असेल तर? चुकीच्या पायावर पुढचं चढवत जायचं का? नवा नियम: सिंक थांबून पुन्हा सुरू झालं, की आधी झालेलं सगळं पहिल्यापासून तपासायचं आणि मगच पुढे जायचं. हे सुचलं नसतं तर काय झालं असतं!

संध्याकाळी
११ टक्के तपासून झाले. एकही चूक नाही. नियम किती योग्य होता.

मंगळवार, २८ जानेवारी
दोन दिवस छान वारा. ३४ टक्के. दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत उतरवते, कामावरूनही फोनवर बघते. एका वाचक बाईंना बागकामाऐवजी मधुमेहाचं पुस्तक दिलं. त्यांनी तेही नेलं.

बाबांना फोन केला. सगळं वेळेवर होईल असं सांगितलं. त्यांनी विचारलं, अजून चालूच आहे का? मी म्हटलं, अगदी व्यवस्थित चालू आहे.

बुधवार, २९ जानेवारी
सकाळी वारा पडला, दुपारी आला. तपासणी पहिल्यापासून. ३४ टक्के तपासायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. ते होईपर्यंत वारा पुन्हा पडला. म्हणजे आजची प्रगती शून्य. पण नीट तपासलेलं शून्य.

गुरुवार, ३० जानेवारी
तेच.

शुक्रवार, ३१ जानेवारी
तेच. डिस्क सदोष असावी. किंवा केबल.

शनिवार, १ फेब्रुवारी
केबल बदलली. त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागला, म्हणून तपासणी पहिल्यापासून. केबलचाच दोष होता याची आता जवळजवळ खात्री आहे.

रविवार, २ फेब्रुवारी
३४ टक्के.
केबलचा दोष नव्हता.

फोरमवर प्रश्न टाकला: ‘होम सर्व्हरचं सिंक फार सावकाश चाललंय, कारण काय असावं?’ सगळी माहिती प्रामाणिकपणे दिली, सात परिच्छेद. बर्गेनच्या एका निवृत्त जहाज इंजिनियरचं तासाभरात उत्तर. त्याने लिहिलं की डिस्क ठीक आहे, केबल ठीक आहे, सर्व्हर ठीक आहे. वेग कमाल ठेवा, वाऱ्याची अट काढा, तपासणी बंद करा आणि बाहेर फिरून या. आठ तासांत होईल.

माणूस चांगला असावा, पण त्याने सातही परिच्छेद वाचलेले दिसत नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी
तरी त्याचा मान राखला. वेग ‘सौम्य’वरून ‘सौम्य ते मध्यम’. मन दिवसभर थाऱ्यावर नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
वादळाचा इशारा. फेरीबोट बंद, पूल बंद, आत्याच्या शेडचं छप्पर उडालं. इतकी आनंदाची बातमी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. आत्याला तसं म्हटलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
५८ टक्के. अकराही पवनचक्क्या जोरात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
७९ टक्के. माझी पद्धत बरोबर होती. घाई करणाऱ्यांना हे कधी कळणार नाही.

तोर्किलचा फोन. त्याने फक्त ‘फाइल काढलीस?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, शनिवारी शंभर टक्के झाल्यावर रीतसर सगळ्यांसमोर लावीन. तो म्हणाला, आत्याने बाबांवर चौदा कडव्यांचं गाणं रचलंय, तेवढा वेळ तरी मिळेल तुला.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ६.३०
९३ टक्के. बाबांकडे जाऊन वाढदिवसाचा ध्वज चढवायचा आहे. ध्वज चांगला फडफडावा अशी माझी आज दोन कारणांनी इच्छा आहे.

सकाळी ११
बाबांकडे. ध्वज फडफडतोय. ९५. पाहुणे बावीस. बाबांनी नवा शर्ट घातलाय आणि टीव्हीसमोरची खुर्ची स्वतःच हलवून मधोमध ठेवली आहे.

दुपारी २.१५
९७. कॉफी, केक. बाबांनी विचारलं, झालं का गं? मी म्हटलं, अगदी थोडं राहिलंय.

दुपारी ३.०५
९८. आत्याचं गाणं सुरू. प्रत्येकाच्या हातात छापील कागद. मी खिडकीत उभी राहून गातेय, म्हणजे ध्वजही दिसतो.

दुपारी ३.३०
ध्वज काठीला चिकटला.

संध्याकाळी, घरी
जे झालं ते क्रमाने लिहिते.

९९ वर वारा पडला. सिंक थांबलं. मी आत्याला म्हटलं, वारा येईपर्यंत गाणं पुन्हा म्हणू या का? तिला खूप आनंद झाला. चौदाही कडवी पुन्हा झाली. वारा आला नाही.

मग तोर्किल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सिसे, फाइल जुन्या डिस्कवर आहे ना? पहिल्या दिवसापासून आहे ना? मग लाव की.” मी ठराव सांगितला. फक्त एक टक्का उरलाय आणि आता मोडला तर एकोणीस दिवस पाळला कशाला, हेही सांगितलं. तो म्हणाला, “नवऱ्या मुलीला मांडवाबाहेर उभं करून तू मांडव मोजत बसलीयेस.” वाद वाढला असता. पण बाबा उठले. “तिला त्रास देऊ नका रे,” म्हणाले, आणि खुर्ची पुन्हा भिंतीशी लावून ठेवली. मग कॉफीची दुसरी किटली आली आणि सगळे आत्याच्या छपराबद्दल बोलायला लागले.

तांत्रिकदृष्ट्या माझं काहीच चुकलं नाही. ९९ टक्के म्हणजे उत्तम निकाल. वाऱ्यावर माझा ताबा नाही.

जेवले नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळी वारा आला. तपासणी पहिल्यापासून.

दुपारी बाबा आणि तोर्किल आले. बाबा बूट काढून कपाटासमोर बसले आणि पेटीचे दिवे बघत राहिले. मी त्यांना वही दाखवली, सगळे आकडे, पंधरा-पंधरा मिनिटांचे. त्यांनी एकेक पान उलटून शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “सिसेल, मला शंभर टक्के नको होतं गं. अकरा मिनिटं हवी होती.”

मग म्हणाले, पेटी काही दिवस तोर्किलकडे राहू दे, तू जरा आराम कर. मी म्हटलं, ती कशी न्यायची याची मी सूचनापत्रिका लिहून देते. मी लिहीपर्यंत तोर्किलने पेटी बुटांच्या खोक्यासारखी काखेत मारली होती.

सोमवार, १० फेब्रुवारी
कपाटात जागा बरीच झाली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
तोर्किलचा मेसेज: सिंक पूर्ण, साडेसात तास. अ‍ॅप बघितलं. काल दिवसभर वारा नव्हता.

अर्थात ९९ टक्के माझेच होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळी
बाबा तोर्किलकडे गेलेत. दोघांनी मला फोन लावला आणि टीव्हीजवळ धरला. मी तोर्किलला विचारत होते की नवी डिस्क तपासली का, पूर्ण तपासली की नुसती वरवर, आणि त्याची नोंद कुठे ठेवली. मग बाबांचा आवाज आला, “झालं, संपलं.” अकरा मिनिटं होऊन गेली होती.

मी म्हटलं, पुन्हा लावाल का?

पुन्हा लावलं. या वेळी मी काही बोलले नाही. आधी नळाचा आवाज, मग सुरीचा. मग आई विचारते, सात आठे? मी म्हणते, छप्पन्न. आई म्हणते, “नक्की?” त्यानंतर खूप वेळ नुसतं पाणी वाहतं. कॅमेऱ्यामागून बाबा म्हणतात, बरोबर आहे की, पुढचं विचार. पण तोवर मी सात एके सातपासून पुन्हा सुरू केलेलं असतं.

तिकडे ते दोघं एकदम हसले. कशाला ते कळलं नाही. उत्तर बरोबरच होतं. मी आत्ता पुन्हा तपासलं.