नळीने खाल्लेलं गंधक

ती. ताईस,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार (लांबून का, ते पुढे कळेल). दाजींचा गुडघा, तुझी ॲसिडिटी आणि तुझ्याकडे राहायला आलेले बाबा, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. माझी तब्येत ठीक. तब्येतीचा वास मात्र ठीक नाही, असं तुझ्या भावजयीचं म्हणणं आहे. कामावरून आलो की माझं ताट गॅलरीत असतं. मुलगी पापा देते, पण श्वास रोखून.

बाबा तिकडे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतील की मुलगा प्रयोगशाळेत मोठा साहेब आहे. या साहेबाचं काम म्हणजे वायू वाढला की किंचाळणारं यंत्र छातीवर लावून आमच्या कारखान्याच्या चिमणीवर चढायचं, वारा पाठीशी घ्यायचा आणि गंधकाचा वायू काचेच्या फुग्यात भरून आणायचा. (नाकावर भरवसा ठेवायचा नाही. हा वायू फार झाला की वास यायचाच बंद होतो. माणूस म्हणतो आता बरं वाटतंय, आणि आडवा होतो.) त्यात हा वायू भारी नाठाळ. साधं पोलाद दिसलं की त्याला चिकटतो, उजेडात ठेवला की बदलतो, उद्यावर टाकला की नाहीसा होतो. म्हणून फुग्यावर काळी पिशवी चढवायची, तपासणी त्याच दिवशी उरकायची आणि तपासायच्या यंत्रापर्यंत त्याला आतून लेप दिलेल्या नळीतून न्यायचं. एवढे लाड लग्नात माझेही झाले नव्हते.

तर आमच्या भांडारवाल्याने ती लेपाची कळकट नळी काढून नवी चकचकीत पोलादी नळी बसवली. मला न विचारता, निव्वळ प्रेमापोटी. झालं, वायू सगळा नळीच्या अंगाला चिकटून बसला, यंत्रापर्यंत पोचलाच नाही आणि उत्तर आलं शून्य. आमच्या साहेबांनी ते शून्य डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत वाचलं (पाणी आनंदाचं नव्हतं, खिडकी उघडी होती) आणि सगळ्यांना चहा मागवला. कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या शाळेतून तक्रार आली होती की मुलांची डोकी दुखतात, पोरं वर्गात ओकतात. ती चहाबरोबर गिळली गेली.

मग मोठे साहेब पाहणीला आले. त्यांना ते शून्य यंत्रावर प्रत्यक्ष दाखवायची आमच्या साहेबांना हौस. म्हणून सिलिंडरमधली शुद्ध हवा त्याच नळीतून यंत्रात सोडायचं ठरलं. वर हुकूम, की नळी जरा तापवून घ्या, काम फक्कड होतं. तापल्याबरोबर नळीने इतक्या दिवसांचं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. शुद्ध हवेत एवढं गंधक निघालं की रेघ कागदाबाहेर गेली. ही हवा आणली तरी कुठून, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. आमचे साहेब माझ्याकडे बघू लागले. मी नळीकडे बघितलं, कारण तिच्यापलीकडे बघायला कोणी नव्हतं.

भंगारातून जुनी नळी शोधून आणली, पुन्हा चिमणीवर चढलो, नवा नमुना त्याच दिवशी तपासला. आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी वर. साहेबांचं म्हणणं, आकडा खरा असेल रे, पण वेळ बरी नाही. तू शून्याच्या अहवालावर सही कर, नळीचं मागाहून बघू. न केली तर दुसरा माणूस बघू, हेही त्यांनी अगदी मायेने सांगितलं. ताई, मी दमलोय गं. भांडायला अंगात जोर नाही, आणि घराचे हप्ते कुणाला चुकलेत. पण जेवताना भिंतीपलीकडची मधल्या सुट्टीची घंटा ऐकू येते आणि मी डबा तसाच बंद करतो. सही करू की नको, तूच सांग. आपल्या घरात शहाणी तूच. बाबांना यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. सल्ल्याची घाई करू नकोस. खरा आकडा मी कालच सही करून वर पाठवला. एक प्रत शाळेच्या मोठ्या बाईंना नेऊन दिली.

आणखी एक. आज सकाळी फाटकावर पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि आत सोडलं नाही. तेव्हा बाबांना तूच सांग, मला जमणार नाही. आधी त्यांना पोटभर जेवू दे. ऐकून झाल्यावर ते गप्प बसले, तर बसू दे. पण माझा नंबर मागितला, तर लगेच लावून दे. मी फोनपाशीच बसलोय.