नागलीच्या पापडांचं रीच

४ एप्रिल
शेठजींनी दुकान मोबाइलवाल्याला दिलं. आता आपले नागलीचे पापड विकायला ठेवणार कोण? लता लाटणी धुता धुता म्हणाली, "ताई, सातपूरला कंपनीत पॅकिंगचं काम मिळतंय. महिनाअखेरीला हो-नाय सांगायचंय." इतकी वर्षं आम्ही दोघी समोरासमोर बसून लाटतोय. ती गेली तर मी एकटी हा धंदा करणार नाही. म्हटलं, थांब महिनाभर, ऑनलाइन करू. म्हणजे नक्की काय करू, ते मलाही माहीत नाही.

७ एप्रिल
प्रज्ञा आली. बहिणीची लेक, कॉलेज रोडला मार्केटिंगच्या ऑफिसात आहे. पेज काढून दिलं आणि शब्दांचा नुसता मारा. रीच, ऑरगॅनिक, एंगेजमेंट, फनेल. रीच म्हणजे किती जणांना दिसलं ते. ऑरगॅनिक म्हणजे बिनखताचं नव्हे, बिनपैशाचं. फनेल म्हणजे आपलं रॉकेलचं नरसाळं. वरून हजार माणसं ओतायची, खालून दहा गिऱ्हाइकं.
"आणि बाकीची?"
"मावशी, ती जाऊच द्यायची असतात."
पटलं नाही.

१० एप्रिल
रीच तीन हजार!! हुरळून लताला पाच किलो पिठाची उकड काढायला लावली. ऑर्डरी दोन. त्यातली एक प्रज्ञाचीच. हे (एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त, घरात अजून ड्यूटीवर) म्हणाले, "रस्त्यावरून गेले म्हणजे दुकानात आले का?" लता म्हणते, "ताई, हे रीच तळता येतं का?" हसून मेले. गच्चीभर पापड.

१५ एप्रिल
काल जयंतीच्या गडबडीत फोन बघितलाच नाही. आज पेजवर बरीच नवी माणसं. दारी आलेल्याला निदान पाणी तरी विचारतात. म्हणून एकेकाला लिहिलं, या, कुठले तुम्ही? नागली, म्हणजे तुमची नाचणी, खाता का? एकीने विचारलं, "प्राइस?" तिथेच भाव लिहिला. लगेच प्रज्ञाचा फोन. "मावशी, भाव डीएममध्ये सांगायचा! आणि ब्रँड अशा गप्पा मारत नाही." म्हटलं, भाव कानात सांगायला चोरीचा माल आहे का? आणि ब्रँड नसेल मारत, मी मारते.

२१ एप्रिल
प्रज्ञाचा फोन. माझा एंगेजमेंट रेट, म्हणजे बघणाऱ्यांतले बोलणारे किती ते, म्हणे तिच्या मोठमोठ्या क्लायंटपेक्षा वर! पुण्याच्या एक बाई, आजोळ आपल्या पेठ तालुक्यातलं, रोज लिहितात. गप्पा उदंड, ऑर्डरी सात.
लता दोन दिवस आली नाही. कंपनी बघायला गेली असणार. तिथे पगार महिन्याच्या महिन्याला. कुठल्या तोंडाने थांब म्हणू? जेवण गेलं नाही.

२४ एप्रिल
आली लता. कुठे होतीस विचारलं नाही. प्रज्ञा व्हिडिओ घ्यायला बसली आणि नेमकी लता मला झापायला लागली. "ताई, पाणी किती घातलं? हे पापड हाय का धिरडं?" प्रज्ञा तेवढं कापणार होती. म्हटलं, राहू दे, खरंच आहे ते.

२७ एप्रिल
व्हिडिओ बघून लोकांना लताच आवडली! "लताताईंच्या हातचे पाठवा." पत्ते लिहून मान दुखली, डबे तळाला. पेज माझं, फोन माझा, नाव तिचं. थोडी जळले, खोटं कशाला लिहू. मग प्रज्ञाला सांगून पेजचं नावच बदललं. 'लता आणि सुनंदा'. नफाही अर्धा-अर्धा. ह्यांना नंतर सांगितलं.

३० एप्रिल
लता नाव बघून म्हणाली, "माझं आधी? बरं दिसतं का?" बाकी हो नाही की नाय नाही. सातपूरला आजच कळवायचंय तिला.
दुपारी पुण्याच्या बाईंनी विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यातही लताताईंच्याच हातचे मिळतील ना?"
फोन लतापुढे धरला. म्हटलं, तूच सांग.
तिने पदराला हात पुसले. मघापासून एका बोटाने लिहितेय, पुसतेय, परत लिहितेय. मी ही रोजनिशी पुढ्यात ओढून बसलेय. मान वर करून बघत नाही.